आधी जसंच्या तसं, मग हवं तसं

घरच्या कॅमेऱ्यातलं एचडी चित्रण कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच केबल कुठली, सॉफ्टवेअर कुठलं आणि फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची यावर येतं. ते स्वाभाविक आहे. एका हाताला कॅमेरा असतो, समोर कॉम्प्युटर असतो आणि दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत या कामासाठी जी यंत्रं आली आणि गेली, ती ओळीनं मांडून पाहिली तर लक्षात येतं की आपण ज्याला एक काम समजतो ती दोन कामं आहेत. कॅमेऱ्यानं टेपवर किंवा कार्डावर जे आकडे लिहून ठेवले, ते एकही न बदलता दुसऱ्या जागी उतरवणं हे पहिलं. त्या आकड्यांपासून टीव्हीवर, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल असं सोयीचं रूप तयार करणं हे दुसरं. पहिल्यात काही गमावायचं कारण नसतं. दुसरं काहीतरी गमावल्याशिवाय होत नाही. घरगुती एचडी चित्रणाची आजवर जी नासाडी झाली, त्यातली बरीचशी कॅमेऱ्यात किंवा कपाटात झालेली नाही. ही दोन कामं एका दमात उरकण्याच्या घाईत ती झाली. आधी जशीच्या तशी प्रत, रूपांतर नंतर आणि त्या प्रतीवरून, हा क्रम पाळला तर केबल आणि सॉफ्टवेअरचे निम्मे वाद आपोआप मिटतात, असं माझं म्हणणं आहे.

घाईचं मूळ व्हीएचएसच्या काळात आहे. अ‍ॅनालॉग टेपवर आकडे नसतात. ती कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणजे व्हीसीआरमध्ये लावायची, बाहेर पडणारा सिग्नल नव्यानं मोजायचा आणि टिपायचा. दुसरा इलाज नाही. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढावी तसा प्रत्येक पिढीत थोडा काळेपणा वाढणारच. १९९५ मध्ये डीव्ही टेप आली आणि हे चित्र मुळातून बदललं. सोनीच्या डीसीआर-व्हीएक्स१००० या कॅमेऱ्याला फायरवायर या डिजिटल केबलचं सॉकेट होतं, आणि त्यातून निघत होते ते टेपवर लिहिलेले आकडेच. कॉम्प्युटरवर आलेली फाइल आणि टेपवरचं चित्रण यांत, टेप नीट वाचली गेली असेल तर, तसूभर फरक उरला नाही. तरीही लोकांच्या तोंडी ‘कॅप्चर’ हाच शब्द राहिला आणि मनातली कल्पनाही तीच राहिली: कॅमेरा चालवायचा, कॉम्प्युटरनं ते ‘पकडायचं’, आणि पकडतानाच हवा तो फॉरमॅट निवडायचा. कॅप्चरची सॉफ्टवेअरंही याच कल्पनेवर बेतलेली होती. सुरुवातीलाच डीव्हीडी, डब्ल्यूएमव्ही, एव्हीआय असे पर्याय समोर धरायची. आणि ‘आहे तसं’ हा पर्याय बहुधा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाच्या खिडकीत दडलेला असायचा.

एचडी घरात आलं ते याच डीव्ही टेपवर बसून. २००३ मध्ये सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प या चार कंपन्यांनी एचडीव्ही हे मानक जाहीर केलं. जेव्हीसीचा जीआर-एचडी१ त्याच वर्षी आला, सोनीचा एफएक्स१ २००४ मध्ये आणि खऱ्या अर्थानं घरगुती म्हणता येईल असा एचसी१ २००५ मध्ये. त्यात गंमत अशी की टेप तीच, तिची गती तीच आणि सेकंदाला लिहिले जाणारे बिटही जवळपास तेवढेच, म्हणजे १०८०आय पद्धतीत चित्रासाठी सुमारे २५ मेगाबिट. फक्त चित्र एमपेग-२ नं दाबून १४४० बाय १०८० पिक्सेलचं केलेलं. तासाभराच्या टेपची फाइल साधारण १२ जीबीची होते, आणि टेप असल्यामुळे ती उतरायला तासभरच लागतो. कॉम्प्युटर कितीही वेगवान घ्या, टेप तिच्या चालीनंच चालते. फायरवायरनं घेतली तर ही शुद्ध प्रत असते. पण इथे एक खळगा आहे आणि त्यात असंख्य टेपा पडल्या. सोनीच्या एचडीव्ही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत ‘आय-लिंक कन्व्हर्ट’ नावाची सोय असते (आय-लिंक म्हणजे फायरवायरच, सोनीच्या भाषेत). जुन्या, फक्त डीव्ही ओळखणाऱ्या कॉम्प्युटरसाठी ती दिलेली. ती चालू असली की कॅमेरा एचडी चित्रण आतल्या आत साध्या डीव्हीत उतरवून बाहेर पाठवतो. कॉम्प्युटर बिनतक्रार ते घेतो, पडद्यावर चित्र दिसतं, आवाज येतो, सगळं झकास. मात्र फाइल ७२० बाय ५७६ ची असते, म्हणजे पूर्ण एचडी चित्राच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या पिक्सेलची. कुठे चुकलं हे कुणी सांगत नाही, कारण यंत्राच्या लेखी काहीच चुकलेलं नसतं.

फायरवायरला पर्याय म्हणून आज सर्रास सुचवलं जातं ते एचडीएमआयवरून घेणं. हजार-दीड हजारांत मिळणारा छोटा कॅप्चर डोंगल कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायचा आणि कॅमेरा प्लेवर टाकायचा. ही सोय आहे यात वाद नाही, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कॅमेरा टेपवरचे सेकंदाला २५ मेगाबिट उलगडून एचडीएमआयमधून सोडतो, तेव्हा १४४० पिक्सेलची ओळ ताणून १९२० ची झालेली असते आणि, रंगाचा तपशील अर्ध्यावर धरला तरी, सेकंदाला सुमारे ८३० मेगाबिट वाहत असतात. तेहतीस पटीचा हा फुगा; त्यात नवी माहिती एका बिटाचीही नाही. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल ४८० मेगाबिट. म्हणून डोंगलनं ते पुन्हा दाबायचं, तेही घाईघाईत आणि स्वस्तातल्या चिपवर. मग कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर ते तिसऱ्यांदा दाबून फाइल करतं. कित्येक स्वस्त डोंगल आलेलं १०८०आय चित्र सेकंदाला तीस फ्रेमच्या साच्यात कोंबतात, आपल्याकडच्या पंचवीसच्या चित्रणाशी ज्याचा मेळ बसत नाही. पडद्यावर माणूस चालताना मधूनच एक हिसका बसतो तो यामुळे. शिवाय टेपवर चित्रासोबत लिहिलेली तारीख आणि वेळ या वाटेवर गळून पडते. व्हीएचएस घ्यायची जी एकमेव पद्धत होती तीच आपण, गरज संपल्यावरही, नव्या केबलनं चालू ठेवली आहे.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे: टेप खराब असेल तर फायरवायरची प्रतही खराबच येते, उलट कॅमेऱ्याचं स्वतःचं दुरुस्तीचं तंत्र एचडीएमआयवर बरं चित्र दाखवतं. इथे एचडीव्हीच्या पोटात डोकावायला हवं. साध्या डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. टेपवर ओरखडा आला तर एका फ्रेममध्ये चार चौकोन विस्कटतात आणि पुढची फ्रेम स्वच्छ येते. एचडीव्हीच्या ५० हर्ट्झच्या १०८०आय पद्धतीत बारा फ्रेमचा एक गट असतो. गटातली पहिली फ्रेम पूर्ण लिहिलेली, बाकीच्या अकरा ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगणाऱ्या. ओरखडा नेमका पहिल्या फ्रेमवर आला तर मागच्या अकराही निराधार होतात, आणि जवळपास अर्धा सेकंद चित्र गोठतं किंवा फुटतं. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर व्हायचा नेमका तो अर्धा सेकंद असू शकतो. अशा जागी दोन-तीन वेळा टेप फिरवून, हेड स्वच्छ करून, शक्य झालं तर दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून पुन्हा फायरवायरनंच घ्यावं. दर वेळी चूक त्याच जागी येते असं नाही, आणि दोन प्रतींतले चांगले भाग जोडता येतात. अक्षरशः आकडेच असल्यामुळे हा जोड बेमालूम बसतो. तेही जमलं नाही तर तेवढ्या मिनिटभराच्या तुकड्यासाठी एचडीएमआय खुशाल वापरावं. अपवादाला जागा इथे आहे. अपवादाला नियम करण्यात नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात कपाटातल्या टेपांवर दमटपणानं बुरशी धरते, त्यांचं वेगळं. पांढरी बुरशी दिसणारी टेप चालू कॅमेऱ्यात घातली तर ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या टेपांना. अशी टेप आधी साफ करून घ्यायची असते, आणि ते काम त्यातल्या माणसाचं.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकनी एव्हीसीएचडी आणलं आणि टेपच गेली. चित्रण एच.२६४ नं दाबून थेट हार्ड डिस्कवर, आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर किंवा मेमरी कार्डावर होऊ लागलं, सेकंदाला जास्तीत जास्त २४ मेगाबिटनं. २०११ च्या सुधारित आवृत्तीत २८. आता प्रत काढणं म्हणजे फाइल कॉपी करणं, तासाचं काम काही मिनिटांत. चूक व्हायला जागाच नाही, असं वाटावं. प्रत्यक्षात सर्वाधिक गोंधळ इथेच झाला, आणि तो कार्ड उघडल्यावर दिसतो. आत ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’, आणि तिथे ००००० पासून चढत्या क्रमांकाच्या एमटीएस फाइली. शेजारच्या फोल्डरांत काही केबींच्या बारीकसारीक फाइली, ज्या निरुपयोगी दिसतात. लोक फक्त मोठ्या फाइली ओढून घेतात. पण कुठला तुकडा कुठल्यापुढे जोडायचा याची नोंद त्या बारीक फाइलींत असते. कार्डाच्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून लांब चित्रण कॅमेरा ४ जीबीला, काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात. दोन तासांचं नाटक किंवा भजन सलग चित्रित केलं तर कार्डावर त्याचे पाच-सहा तुकडे असतात. ते टोकाला टोक लावून जोडले तर सांधा कळतही नाही. प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करून मग जोडला तर सांध्यावर आवाज तुटतो, कारण आवाजाचा एक कण अर्धा या तुकड्यात आणि अर्धा पुढच्यात असतो आणि कन्व्हर्टर दोन्ही अर्धे टाकून देतो. गायनाच्या मैफलीत हे चटकन कानाला लागतं.

त्याहून वाईट घडतं ते नावांमुळे. कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत क्रमांक पुन्हा ००००० पासून सुरू होतो. गणपतीचं चित्रण ज्या फोल्डरमध्ये टाकलं त्यातच दिवाळीचं टाकायला गेलं की विंडोज विचारतं, याच नावाची फाइल आहे, बदलू का? घाईत ‘हो’ दाबलं की गणपती गेले. पुनर्विसर्जनच म्हणायचं. मॅकवर अडचण उलटी: तिथे सगळा एव्हीसीएचडी फोल्डर एकाच फाइलसारखा दिसतो, आतल्या तुकड्यांपर्यंत पोचायला वेगळी आज्ञा द्यावी लागते, म्हणून लोक तो उघडून ‘एक्सपोर्ट’ करतात आणि नकळत रूपांतर करून बसतात. दोन्हींवर तोडगा एकच आणि बाळबोध आहे. कार्डावर सर्वांत वर दिसतं तिथपासून सगळंच्या सगळं, तारखेच्या नावानं केलेल्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करायचं. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहायचं. जमत असेल तर चेकसम काढून बिट न् बिट तपासायचं. आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करायचं.

आकडे तसेच ठेवण्याचा फायदा तपशिलापुरता नाही. निर्णय पुढे ढकलता येतात हा त्याचा खरा लाभ. १०८०आयमधला ‘आय’ घ्या. भारतात विकले गेलेले कॅमेरे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं टिपतात, एकदा विषम ओळी, एकदा सम. कॉम्प्युटरचा पडदा अर्धी चित्रं दाखवत नाही, म्हणून कधीतरी ती जुळवावी लागतात. साधे कन्व्हर्टर जोड्या लावून पंचवीस चित्रं करतात. लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात मग दातेरी दिसतात किंवा अर्धी हालचाल गायब होते. चांगली पद्धत पन्नास अर्ध्यांपासून पन्नास पूर्ण चित्रं करते, आणि ही तंत्रं वर्षागणिक सुधारत आली आहेत. २००७ मध्ये घाईत केलेलं रूपांतर २००७ च्याच दर्जाला कायमचं बांधलं गेलं. मूळ फाइल असेल तर आजचं तंत्र लावता येतं, उद्याचंही. परदेशातल्या मराठी घरांना यात आणखी एक गाठ सोडवावी लागते. अमेरिकेत घेतलेला कॅमेरा साठाच्या हिशेबानं टिपतो, पुण्यातला पन्नासच्या. घरगुती एचडीव्ही कॅमेऱ्यांत एकीकडची टेप दुसरीकडच्या यंत्रात बहुधा चालत नाही. पण फाइलला ना देश असतो ना वीजपुरवठ्याचे हर्ट्झ. न्यू जर्सीच्या डोहाळजेवणाची आणि साताऱ्याच्या बारशाची मूळ फाइल एकाच फोल्डरमध्ये सुखानं नांदते. कुठल्या तालावर दोघांना एकत्र आणायचं, हा प्रश्न संकलनाच्या वेळचा, प्रत काढतानाचा नव्हे.

फॉरमॅट जुना झाला तर मूळ फाइल उघडणारच नाही, म्हणून आजच्या चालू फॉरमॅटमध्ये बदलून ठेवावी, हे म्हणणं वारंवार ऐकू येतं. अनुभव याच्या नेमका उलट आहे. २००३ च्या कॅमेऱ्यांची एमपेग-२ आणि २००६ च्या कॅमेऱ्यांची एच.२६४ ही दोन्ही जगभर मान्य झालेली, खुलेपणानं छापली गेलेली मानकं. व्हीएलसीसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर त्या फाइली आजही उघडतात. अडचणीत आल्या त्या तेव्हा ‘आधुनिक’ म्हणून केलेल्या आवृत्त्या. वेबसाठी म्हणून फ्लॅशमध्ये केलेल्या फाइलींचा प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद झाला. सोरेन्सनसारख्या जुन्या पद्धतीच्या फाइलींना २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनानं दार बंद केलं. कॅमेऱ्यांनी लाखोंनी लिहिलेला फॉरमॅट वाचणारं काहीतरी कुणीतरी टिकवतंच, कारण तेवढ्या लोकांची गरज असते. एखाद्या कन्व्हर्टरच्या मेन्यूतल्या आडबाजूच्या पर्यायाला असा गोतावळा नसतो.

जागेचा आक्षेप सर्वांत जुना, आणि २००५ मध्ये तो बिनतोडही होता. तेव्हा शंभर-दोनशे जीबीची डिस्क म्हणजे चैन होती आणि दहा टेपांत ती भरायची. आज ५० टेपा म्हणजे सुमारे ६०० जीबी, एका १ टीबीच्या डिस्कमध्ये मावतात आणि वर जागा उरते. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या तरी लग्नाच्या स्टेजवरच्या फुलांपेक्षा खर्च कमी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडात घराघरांत पाणी शिरलं ते आठवून दुसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवली म्हणजे झालं. याहून टोकदार आक्षेप असा: एच.२६५ मध्ये तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत मावतं आणि डोळ्याला फरक दिसत नाही, मग निम्मी जागा वाया का घालवायची? डोळ्याला फरक दिसत नाही हे बहुतेक वेळा खरं आहे, आणि पाहण्यासाठीची प्रत म्हणून तसं रूपांतर जरूर करावं. पण फरक दिसतो तो पुढच्या फेरीत. रंग थोडे उजळायचे, अंधारातला हॉल थोडा उघडायचा, थरथरणारं चित्र स्थिर करायचं म्हटलं की दाबताना टाकून दिलेला तपशील नेमका तिथे कमी पडतो आणि सपाट चट्टे उमटतात. शिवाय रूपांतर करताना तारीख-वेळ गळते. एव्हीसीएचडीत चित्रणाचा क्षण प्रत्येक तुकड्याच्या आत नोंदलेला असतो. कन्व्हर्ट केलेल्या फाइलवर कन्व्हर्ट केल्याची तारीख येते. ही मुंज कुठल्या वर्षीची, यावर घरात वाद झाला की त्याचा निकाल लावणारा एकमेव निःपक्ष साक्षीदार आपण निम्म्या जागेसाठी घालवलेला असतो.

बहुतेक चित्रण टाकाऊच असतं, तेव्हा निवडूनच का घेऊ नये, हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. फोनवरच्या शेकडो क्लिपांतून निवड आधी करणं शहाणपणाचं आहे. टेपच्या बाबतीत मात्र निवडायला टेप पाहावी लागते, पाहायला ती चालवावी लागते, आणि चालतेच आहे तर सबंध उतरवून घ्यावी. निवड कॉम्प्युटरवर निवांत होते. म्हाताऱ्या टेपला आणि म्हाताऱ्या हेडला पुढे-मागे फिरवण्याचा जाच कमी झालेलाच बरा. स्वतः हे करायला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी स्टुडिओकडे द्यायला काहीच हरकत नाही, फक्त काय मागायचं ते ठाऊक हवं. शूटिंगवाले सवयीनं डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवर एमपी४ देतात, आणि डीव्हीडी म्हणजे पुन्हा ७२० बाय ५७६. त्यांना कॅमेऱ्याच्या मूळ फाइली मागाव्यात: एचडीव्ही असेल तर एम२टी, डीव्ही असेल तर डीव्ही, कार्डाची असेल तर सबंध फोल्डर. मिळालेलं खरं का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. तासाच्या एचडीव्ही टेपची फाइल १२ जीबीच्या आसपास हवी. २-३ जीबीची असेल तर मधे कुणीतरी ती दाबली आहे. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर फाइलचा कोडेक, चौकटीचा आकार आणि सेकंदाचे मेगाबिट दाखवतं; तिथे १४४० बाय १०८० आणि एमपेग-२ दिसलं म्हणजे माल अस्सल.

एका जातीच्या उपकरणापुढे हा सगळा युक्तिवाद थांबतो: टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारे सेट-टॉप बॉक्स. त्यांच्या डिस्कवर आकडे असतात, पण ते त्या एका बॉक्सच्या किल्लीनं कुलूपबंद. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी हाती काही लागत नाही. अमेरिकेत २००४ पासून ग्राहकानं मागितल्यास केबल कंपनीनं फायरवायर असलेला एचडी बॉक्स द्यावा, असा नियम होता, आणि तिथे काही काळ जशीच्या तशी प्रत घेता यायची, तीही ज्या वाहिन्यांवर कुलूप नसे त्यांचीच. आपल्याकडे असं दार कधी उघडलंच नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातलं ६५ अ हे कलम हक्कभंगाच्या हेतूनं अशी कुलपं तोडण्याला शिक्षा सांगतं. मुलीच्या टीव्हीवरच्या स्पर्धेतली झलक जपायची असेल तर ती वाहिनीकडून मिळवणं किंवा पडद्यावरून टिपणं, एवढंच उरतं.

फोननं कॅमेरा गिळंकृत केल्यावर हा प्रश्न संपला असं वाटतं, पण तो फक्त मेन्यूत जाऊन बसला आहे. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत, म्हणजे एच.२६५ मध्येच, चित्रण करतो. केबलनं विंडोजला जोडला आणि सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर असलं तर उतरवतानाच ते बदलून देतो. ‘कीप ओरिजिनल्स’ निवडलं तर मूळ येतं. सेकंदाला तीस फ्रेमनं टिपलेला फोर-केचा तास त्यावर सुमारे १० जीबीचा होतो, म्हणजे २००५ च्या टेपच्या जवळपासच. आकडे तेच, त्यांत मावणारं चित्र मात्र पाचपटीहून मोठं. केबल म्हणाल तर साधा आयफोन १५ दिसायला यूएसबी-सी असला तरी आतून जुन्या ४८० मेगाबिटच्याच चालीनं चालतो, प्रो मात्र वेगवान. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं लग्न हे रूपांतरच असतं; तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर, २ जीबीपर्यंत, जसाच्या तसा जातो. ही युक्ती आत्याबाईंना एकदा समजावून सांगण्यासारखी आहे. गूगल फोटोजमध्येही मूळ दर्जा आणि दाबलेला दर्जा हे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि १ जून २०२१ नंतर दोन्ही मोजून घेतले जातात.

टेपवाल्यांना मात्र उशीर परवडणार नाही, कारण फायरवायरच मावळतं आहे. अ‍ॅपलनं २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून त्याचा आधार काढून टाकला. लिनक्समध्ये तो २०२९ पर्यंत सांभाळण्याचा इरादा जाहीर झाला आहे. बाजारात एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला फायरवायर अशी स्वस्त वायर मिळते, ती घेऊ नये: दोन्हींची भाषाच वेगळी, नुसत्या तारेनं ती जुळत नाही. त्यापेक्षा फायरवायर असलेला २०१२ चा मॅक मिनी किंवा पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप या एकाच कामासाठी बाजूला ठेवावा. बऱ्याच मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांचं यूएसबी फक्त फोटोंसाठी किंवा निकृष्ट चित्रासाठी दिलेलं असतं, त्यावरही विसंबू नये. आधी टेपा, तेही पावसाळा सरल्यावर, मग हार्ड डिस्कवाले कॅमेरे, कारण त्यांची डिस्क न सांगता जाते, कार्डं त्यानंतर. मधल्या मधे विसरल्या जातात त्या आठ सेंटिमीटरच्या डिस्क. चित्रण झाल्यावर फायनलाइज न केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद न केलेली, अशी डिस्क बहुतेक कॉम्प्युटरना कोरी दिसते आणि लोक ती फेकून देतात. ती ज्या कॅमेऱ्यावर भरली त्यात किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या चालू कॅमेऱ्यात घालून फायनलाइज करता येते. म्हणून जुना डीव्हीडी कॅमेरा भंगारवाल्याला देण्याआधी ड्रॉवरमधल्या सगळ्या डिस्क एकदा त्यात घालून पाहाव्यात.